पांढऱ्या कार्डांचे ससे

४ मार्च

ताई,

पुढचं वाचायचं की नाही हे तुला ठरवता यावं म्हणून आधी सांगते: आई बरी आहे. हे पत्र तिच्याबद्दल नाही. बाबांबद्दल तर नाहीच. पाच वर्षं आपण एकमेकींशी बोललेलो नाही, आणि ते पाळायला माझी हरकत नाही. पत्र कामाचं आहे. तापातलं तुझ्याइतकं कळणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नाही. तू आता वॉर्डात नसतेस, एका कचेरीत बसून लोकांची आजारपणाची सर्टिफिकेटं खरी की खोटी ते बघतेस, हे मावशीकडून कळलं. तरी विचारते.

आमच्या प्रयोगशाळेत ताप उतरवणारं एक नवं औषध आलंय. ते माणसाला देण्याआधी जनावरांत तपासायचं. ताप उतरवून दाखवायचा तर आधी तो आणावा लागतो, आणि आणायच्या रीती अनेक. आमच्याकडे तीन चालतात. मोठ्या पांढऱ्या उंदरांच्या पाठीत, कातडीखाली, यीस्ट कालवलेलं पाणी टोचतात. अठरा तासांनी ताप चढतो. काम सोपं, पण तिथं सूजही येते, त्यामुळे औषधाने ताप मारला की सूज मारली हा वाद शिल्लक राहतो. गिनीपिगला टर्पेंटाइन देतात. त्याचा ताप रेंगाळतो, आणि जनावर इतकं मलूल होतं की आकडा कशाचा ते कळत नाही. तिसरा ससा. त्याच्या कानाच्या शिरेत जंतूंच्या कवचाचं विष द्यायचं, अगदी कणभर. अर्ध्या तासात त्याचे कान गार पडतात. आतून अंग तापायला लागल्याची ती खूण. दीड तासाने ताप एकदा चढतो, जरा थांबतो, मग पुन्हा चढतो. माणसाच्या तापाच्या जवळ जाणारा असा दुसरा नाही.

या तिघांची तुलना करून कुणाचा ताप प्रमाण मानायचा ते ठरवणारा अहवाल माझ्याकडे आहे. आणि ससे मला दगा देतायत.

एका फेरीला बारा ससे असतात. चौघांना जुनं, माहितीचं औषध. चौघांना नवं. चौघांना काहीच नाही, नुसतं मिठाचं पाणी. या शेवटच्या चौघांच्या पिंजऱ्यावर पांढरं कार्ड असतं. त्यांना ताप आलाच पाहिजे, कारण बाकीच्यांचा उतरला की नाही हे त्यांच्याकडे बघून ठरतं. पहिल्या फेरीत त्यांना ताप आला नाही. नवं औषध दिलेल्यांना आला. म्हणजे कागदावर बघितलं तर आमचं औषध ताप आणतं. संचालक म्हणाले, "छान. शाळा बुडवणाऱ्या पोरांना विकू या."

विषाची कुपी बदलली. थर्मामीटर तपासले. खोलीचं तापमान ठीक आहे. तुला काय वाटतं?

धाकटी


१९ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत पांढऱ्या कार्डांच्या चौघांना व्यवस्थित ताप आला. दीड अंश. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्या फेरीत पुन्हा शून्य. चौथ्या फेरीत शून्य.

आमच्याकडे द्रावणं बनवणारी एक तंत्रज्ञ आहे. आम्ही तिला घड्याळबाई म्हणतो, कारण दर अर्ध्या तासाच्या मापाला ती अर्धा मिनिट आधी हजर असते. ती म्हणाली, "मॅडम, ससे आजारी पडायला तयारच नाहीत. आपल्याकडच्या लोकांसारखे नाहीत ते." हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. विष ती कालवते. कमी पडलं असेल तर बोट तिच्याकडेच जाणार.

संचालकांनी सुचवलंय की ससे सोडून द्या, अहवालात लिहा की ही रीत भरवशाची नाही, उंदरांवर भागवू. उंदरांत आमचं औषध झकास दिसतं. मी नकार दिला. गेल्याच महिन्यात एका सभेत मी यावर तासभर बोलले आहे. मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून म्हणाला, जनावराला मुद्दाम ताप आणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मी म्हटलं, कुणीही दिलेला नाही. आम्ही तो घेतलाय. बळजबरीने घेतलाय. आणि बळजबरीने घेतलेल्या गोष्टीतून निदान खोटं तरी बाहेर पडता कामा नये. एका खोट्या आकड्यासाठी तापलेला ससा हा आमच्या माथी लागलेला ससा आहे. टाळ्या बऱ्याच वाजल्या. मला तेव्हा आतून काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही. बोलणं अगदी नीट होतं, आवाज जिथं चढायला हवा तिथं चढतो, आणि मी बाजूला उभी राहून ऐकत असते.

बाबा गेल्यावर लोक आपल्याला भेटायला जमले होते, त्या दिवशीही मी असंच बोलले होते. तुला आठवत असेल. मी उभी राहिले आणि सगळी बैठकीची खोली गप्प झाली. "घरात डॉक्टर असून," असं मी सुरू केलं होतं. पुढचं लिहीत नाही. तू ऐकलं आहेसच.

बाबांबद्दल लिहिणार नाही म्हणाले होते. इथं थांबते.

धाकटी


७ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. मायना नाही, सही नाही. अक्षर तुझं.

"ज्याला ताप यायलाच हवा त्याला येत नसेल, तर कुणीतरी त्याला ताप उतरवायचं औषध देतंय. त्यांना खायला कोण घालतं ते बघ."

मी ते कार्ड कोटाच्या खिशात घालून प्रयोगशाळेत गेले. दुपारी जेवताना काढून वाचलं. मग पुन्हा आत ठेवलं. घड्याळबाईने विचारलं, "कुणाचं?" मी म्हटलं, "एका डॉक्टरचं."

आम्ही सहा जणांनी सात आठवडे डोकं खाजवलं. कुपी, सुई, थर्मामीटर, खोली, सशांचा वाण, सगळं तपासलं. तू त्या खोलीत पाऊलही न टाकता दोन ओळींत सांगितलंस. म्हणजे तुझं डोकं जागच्या जागी आहे. मावशी म्हणते की तुझा तुझ्या हातांवरचा विश्वास उडाला म्हणून तू वॉर्ड सोडलास. उडायचं कारण नव्हतं.

एक विचारते. ही ओळ तुला सशांसाठी सुचली, की आधीपासून तुझ्याजवळ होती?

उत्तर नको देऊस.

धाकटी


११ एप्रिल

ताई,

तू म्हणालीस तसं पाहिलं.

सशांना खायला ससेकाका घालतात. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल, आम्ही कुणी वापरत नाही. एकतीस वर्षं पिंजऱ्यांवर आहेत. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे. पिंजरे धुतात, पाला घालतात, माप घेताना ससा मांडीवर धरतात. ससा त्यांच्या हातात धडपडत नाही. आमच्या कामात याला फार महत्त्व आहे: घाबरलेल्या जनावराचं अंग नुसत्या भीतीनेच तापतं, आणि मग तो ताप कशाचा हे देवालाही सांगता येत नाही. त्यामुळे ससेकाकांशिवाय आमचं पान हलत नाही. फक्त दुसऱ्या फेरीला ते नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन होतं.

दुसऱ्या फेरीलाच ताप आला होता. हे माझ्या समोर होतं. मी जोडलं नाही.

मी सकाळी लवकर गेले. पाल्याच्या टोपलीजवळ ते बसले होते. गाजराचा पाला, त्याची एकेक जुडी. चार जुड्या त्यांनी बाजूला काढल्या होत्या, आणि चमच्याच्या पाठीने एका बशीत काहीतरी चुरत होते. पिकलेल्या केळ्याच्या तुकड्यात ते कालवलं, पाल्यात गुंडाळलं. मी दारात उभी होते. त्यांनी वर पाहिलं. बशी लपवली नाही.

"मॅडम, आज लवकर?"

"काका, ते काय आहे?"

"अर्धी गोळी. तापाची. प्रत्येकाला अर्धी."

"कुणाला?"

"पांढऱ्या कार्डवाल्यांना," ते म्हणाले. मग मला समजलं नसेल असं वाटून त्यांनी समजावून सांगितलं. "निळ्या कार्डवाल्यांना तुम्ही औषध देता. पिवळ्यांना देता. पांढऱ्यांना काहीच नाही. सुई मात्र सगळ्यांना. त्या चौघांनी काय घोडं मारलंय?"

मी काही बोलले नाही. मी, ताई. बोलले नाही.

"आधी नव्हतो देत," ते म्हणाले. "तीस वर्षं नाही दिली. यंदा आमची ही गेली. शेवटचे चार दिवस तापात होती, आणि डॉक्टर म्हणत होते, थांबा, तपासणी होऊ दे, गोळी दिली तर ताप कशाचा ते कळणार नाही. थांबलो. कळलं काहीच नाही. नुसती थांबली ती. आता माझ्या हाताखाली कुणाचे कान गार पडायला लागले की मला बघवत नाही."

"काका, यामुळे सगळं मोजमाप चुकलं."

"असेल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, मी अडाणी आहे, मूर्ख नाही. माहीत नसतं तर तुमच्यासमोर दिली असती."

मी बशी उचलली, मोरीत धुतली. ते बघत होते. मग त्यांनी त्या चार जुड्या तशाच, गोळीशिवाय, पिंजऱ्यांत टाकल्या. त्या दिवशी पाचवी फेरी होती. चौघांनाही ताप आला. ससेकाकांनी चौघांनाही मांडीवर धरलं, दर अर्ध्या तासाला. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही.

धाकटी


२ मे

ताई,

तीन आठवडे मी गप्प राहिले. पाचवी फेरी बरोबर आली, सहावी आली. मला वाटलं, पहिल्या फेऱ्या कुपीच्या माथी मारू आणि पुढे जाऊ. अहवालात एक वाक्य लिहिलंसुद्धा: "सुरुवातीच्या फेऱ्यांत विषाची मात्रा अपुरी पडली असण्याची शक्यता आहे." किती सभ्य वाक्य आहे. शक्यता आहे. कुणाचं नाव नाही, कुणावर आळ नाही.

काल संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी अहवाल वाचला होता. ते घड्याळबाईकडे वळले.

"मात्रा अपुरी पडली म्हणजे काय? कालवतं कोण?"

"मी, सर."

"मग तुमचं घड्याळ बरोबर आणि तराजू चुकीचा, असं समजू का?"

दोघं-तिघं हसले. ती म्हणाली, "सर, मी प्रत्येक वेळी दोनदा वजन केलंय. वहीत आहे." ती वही काढायला लागली, तर तिला पान सापडेना. नेहमी अर्धा मिनिट आधी तयार असणारी बाई. पानं उलटत राहिली. संचालक म्हणाले, "राहू द्या. वहीत काहीही लिहिता येतं. सहा महिन्यांचं काम, छत्तीस ससे. तुम्हाला इथं ठेवायचं की नाही याचा मला विचार करावा लागेल."

मी तिच्या शेजारी बसले होते. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. त्याच्या काठाला एक बारीक चीर होती, तिच्याकडे मी बघत होते. मला सगळं माहीत होतं. हजार माणसांसमोर उभी राहून सत्य वगैरे शब्द मी सहज उच्चारते. त्या खोलीत नऊ माणसं होती.

ससेकाका दाराशी उभे होते. खुर्च्या कमी पडल्या की ते उभे राहतात, कुणी विचारत नाही.

"साहेब, तिची चूक नाही," ते म्हणाले. "मी गोळ्या देत होतो."

"कसल्या गोळ्या?"

"तापाच्या. पांढऱ्या कार्डवाल्यांना. पाल्यातून."

"का?"

"ताप यायचा त्यांना."

"अहो, ताप यावा म्हणूनच ते विष दिलं होतं! हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होय साहेब. म्हणून तर लपवून देत होतो."

कुणी हसलं नाही. संचालकांनी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत होतं का. ससेकाका म्हणाले, "नाही." लगेच म्हणाले. माझ्याकडे न बघता, विचार करायला क्षणभरही न घेता.

मी तेव्हा तोंड उघडलं. "मला माहीत होतं," म्हटलं. "अकरा एप्रिलपासून." माझा आवाज अजिबात चढला नाही. संचालकांना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

ससेकाकांना कामावरून काढलं. मला तुलनेच्या कामावरून काढलं आणि उंदरांच्या खोलीत बसवलं. घड्याळबाई राहिली. ती माझ्याशी बोलत नाही. माप घ्यायला अर्धा मिनिट आधी येते, आकडा सांगते, जाते.

आणि पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या फेऱ्या पुन्हा होणार. नवे छत्तीस ससे मागवलेत. ससेकाकांनी बारा सशांचा ताप वाचवला. त्यासाठी आता छत्तीस तापतील. जाताना त्यांनी मला विचारलं, "मग आता ते सगळं पुन्हा करणार?" मी हो म्हटलं. "किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. झाडू भिंतीला नीट उभा करून ठेवला आणि गेले.

धाकटी


१४ मे

ताई,

आता लिहिते.

त्या बैठकीत ससेकाकांनी "मी देत होतो" म्हणायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात हे सांगता आलं असतं. मला पाच वर्षं दोन महिने लागले.

बाबांना शुक्रवारपासून ताप होता. थंडी वाजून यायचा. शनिवारी एकशे दोन होता, लघवीला आग होत होती. हे त्यांनी मला सांगितलं, आईला नाही. तू रविवारी सकाळी दोन तासांसाठी येणार होतीस, ड्यूटीवरून ड्यूटीवर जाताना. सोमवारी संध्याकाळी माझं भाषण होतं, ते मोठं, नाट्यगृहातलं. पहिल्या रांगेत मधली खुर्ची बाबांसाठी राखली होती. तिच्यावर मी स्वतः कागद चिकटवून आले होते.

रविवारी सकाळी सहाला त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "ती आली की बघशील, नाडी धरील आणि मला उचलून वॉर्डात टाकील. मग मी तुझं ऐकणार कधी? तुझ्याकडे तापावरची औषधं पोत्याने असतात. दे की एखादं." हसत होते. ओठ कोरडे होते.

मला काय द्यायचं ते माहीत होतं. किती द्यायचं ते माहीत होतं. किती वेळात उतरेल आणि किती वेळ उतरलेला राहील, हे त्या शहरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन गोळ्या, सहा वाजून दहा मिनिटांनी. तू आठला आलीस. तोवर त्यांना घाम येऊन गेला होता. मी त्यांचा शर्ट बदलला होता. ओला शर्ट मी बादलीत, पाण्याखाली दाबून ठेवला होता.

त्यांचा उतरलेला चेहरा बघून तू थर्मामीटर लावलास. साडेअठ्ठ्याण्णव. तू पोट दाबून पाहिलंस, पाठीत हलकं ठोकलंस. ते "काही नाही गं" म्हणाले. मग तू माझ्याकडे वळून विचारलंस, "काही दिलंयस का त्यांना?"

मी म्हटलं, "नाही."

तू नीट विचारलं होतंस. आईसमोर, बाबांसमोर, सरळ शब्दांत. जे विचारायचं तेच विचारलं होतंस. एखाद्या परक्या बाईने "नाही" म्हटलं असतं तर तू पुन्हा विचारलं असतंस. मी तुझी बहीण होते आणि औषधांतली जाणकार होते, म्हणून विचारलं नाहीस.

सोमवारी दुपारी मी त्यांना आणखी दोन दिल्या. ते भाषणाला आले. पूर्ण वेळ बसले. मी वरून पाहत होते, टाळ्या वाजवताना त्यांचे हात एकमेकांवर नीट बसत नव्हते. मी बोलत राहिले. मंगळवारी पहाटे ते भ्रमात गेले. बुधवारी गेले. तुझ्या हॉस्पिटलातल्या माणसाने सांगितलं, संसर्ग रक्तात पसरला होता, रविवारी आणलं असतं तर औषध लागू पडलं असतं. रविवारी.

तू त्यांना रविवारी नेलं असतंस. तुला ताप दिसला असता तर नेलंच असतंस, हे बाबांनाही माहीत होतं आणि मलाही. तुला तो दिसू नये अशी व्यवस्था मी केली. आणि मग जमलेल्या माणसांपुढे उभी राहून मी म्हणाले, "घरात डॉक्टर असून, हात लावून पाहिल्यावरही तिला कळलं नाही." आई तुझ्याकडे पाहत होती. त्या दिवसापासून ती तुझ्याशी बोललेली नाही, आणि तू तुझ्या हातांवर विश्वास ठेवलेला नाहीस.

मी ते भाषण का केलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. कुणीतरी माझ्याकडे वळून "तू काही दिलं होतंस का?" असं पुन्हा विचारील, याची मला भीती होती. म्हणून मी आधी बोलले. मला बोलता येतं. एवढंच.

मला रडू येत नाही. यायला हवं असं वाटतं, तेही डोक्यात. तुला हे वाचून बरं वाटेल अशी माझी अपेक्षा नाही. सोबत वेगळ्या कागदावर तारीख, वेळ, औषध आणि मात्रा लिहून सही केली आहे. तो कागद तू कुणालाही दाखव. तुझ्या जुन्या हॉस्पिटलात, मावशीला, ज्या-ज्या माणसाने त्या दिवशी माझं ऐकलं त्या प्रत्येकाला. तुझं निदान चुकलं नव्हतं. तुझ्यासमोर ठेवलेला आकडा खोटा होता.

हे टाकण्याआधी आईला सांगणार आहे. म्हणून पाकीट बंद करत नाही.

धाकटी


१६ मे

ताई,

आईला काल सांगितलं. ती टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. मी समोर बसले आणि भाषण न करता सांगितलं. सहा वाजून दहा मिनिटं, दोन गोळ्या, बादलीतला शर्ट, सगळं.

ती सोलत राहिली. माझं झाल्यावर तिने विचारलं, "तिने तुला विचारलं होतं?"

"हो."

"मी तिथंच होते?"

"हो. खिडकीशी."

"मी ऐकलं होतं मग," ती म्हणाली. "आणि नंतर विसरले. तिने विचारलं होतं हेच विसरले." तिने उरलेल्या शेंगा बाजूला सारल्या. "तुझे बाबा हसत होते का तेव्हा?"

"हो."

"त्यांचं राहू दे."

 मला वाटलं, आता ओरडेल, मारील. तिने मला विचारलं, "तिच्या घराला जिना किती आहे?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी कधी गेलेच नाही. "मावशीला विचार," ती म्हणाली. मावशी म्हणाली, तीस-एक पायऱ्या, कठडा आहे.

आज सकाळी ती आंघोळ करून तयार होती. लहान पिशवी, दोन दिवसांचे कपडे. मी तिला हे पाकीट द्यायला गेले, तर तिने हात मागे घेतला.

"तुझं तू टपालाने पाठव. मला माझं सांगायचंय."

"तुला काय सांगायचंय? चूक माझी आहे."

"पाच वर्षं मी तिचं दार वाजवलं नाही. ते तू नव्हतं अडवलंस."

मी म्हटलं, "थांब, मी येते सोबत. एकटी कशी जाशील?"

"नको. तू आलीस की तूच बोलशील."

म्हणून मी फक्त पिशवी उचलून थांब्यापर्यंत गेले.  तिला रस्ता ओलांडताना माझा हात धरायची सवय आहे. आज तिने तो धरला, ओलांडल्यावर सोडला. गाडी वेळेवर आली. चढताना तिला त्रास झाला, कंडक्टरने आतून हात दिला. ती खिडकीशी बसली. मी खाली उभी राहून म्हटलं, "पोचलीस की फोन कर." काच बंद होती. मी हात केला. ती समोर बघत होती.

गाडी गेली. मी तिथून टपालपेटीकडे आले आहे, आणि तिच्या झाकणावर कागद ठेवून हे शेवटचं लिहिते आहे. हे तुला मिळेल तेव्हा ती तुझ्याकडे येऊन एक-दोन दिवस झाले असतील. तिने काय सांगितलं ते मला कळवू नकोस.

धाकटी